पोटाचं डायलिसिस घरी टिकवताना: खोलीपासून वहीपर्यंत

सीएपीडी, म्हणजे पिशवीतलं डायलिसिसचं पाणी नळीने पोटात सोडायचं आणि काही तासांनी काढून बदलायचं, हे पोटाचं डायलिसिस (थोडक्यात पीडी) सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात सहसा गडबड होत नाही. नर्सने शिकवलेलं ताजं असतं, मनात भीती असते, सगळं मोजूनमापून चालतं. घोटाळा होतो तो पुढे, हात सरावल्यावर. मास्क खुंटीवरच राहतो, पंखा चालू राहतो, हात धुणं उरकलं जातं आणि वहीत कालचेच आकडे आज पुन्हा उतरवले जातात. मग कधीतरी पोटात जंतुसंसर्ग होतो किंवा अंगावर सूज चढते, आणि रुग्ण डायलिसिस सेंटरवरच्या मशीनवर जातो. नातेवाईक म्हणतात, "त्यांना पीडी मानवली नाही." बऱ्याचदा ती मानवलेली असते, घरातला क्रम ढिला पडलेला असतो.

हा लेख प्रशिक्षण झालेल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. किती पिशव्या, कोणत्या ताकदीच्या, पाणी पोटात किती तास ठेवायचं, हे तुमचे नेफ्रोलॉजिस्ट (मूत्रपिंडाचे डॉक्टर) ठरवतात. त्यात इथलं वाचून बदल करू नका.

टप्पा १: जागा आणि साठा

स्वतंत्र खोली हवीच असं नाही. एका खोलीच्या घरातही पीडी चालते. पण तो अर्धा-पाऊण तास दार बंद राहील, कुणी झाडू मारणार नाही, फोडणी घालणार नाही आणि मांजर आत येणार नाही, एवढं घरात ठरलेलं हवं. मांजराचं मुद्दाम लिहिलं आहे. उबदार पिशवी आणि लोंबणारी नळी ही त्याच्या आवडीची जागा. नळीला नख किंवा दात लागला की संसर्ग ठरलेला.

लागतं ते साधंच: पुसता येईल असं टेबल, खांद्याच्या वर भक्कम हूक, बसायला खुर्ची, चांगला उजेड. टेबलावर दुसरं काहीही नको, औषधांचा डबाही नको.

साठ्याचा अंदाज मात्र बहुतेकांचा चुकतो. रोज दोन लिटरच्या तीन पिशव्या म्हणजे महिन्याला ९०. वजनात जवळजवळ दोन क्विंटल. खोकी येण्याआधीच जागा ठरवा. कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून खोकी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब रचा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याखालची खोली किंवा माळा साठ्याला चालत नाही. उंदरांचा बंदोबस्त आधी. जुनी खोकी पुढे, नवी मागे. हाताशी निदान आठवड्याचा जास्तीचा साठा असू द्या, कारण पुराच्या दिवसांत रस्ता बंद झाला तरी एक्सचेंज, म्हणजे पोटातलं पाणी बदलणं, थांबवता येत नाही.

तपासा: आज शेवटची पिशवी संपली तर पुढची केव्हा येणार, हे घरात दोघांना तरी माहीत आहे का?

टप्पा २: पिशवी जोडण्याआधी

आधी पिशवी कोमट करा, बाहेरचं आवरण न काढता. सेंटरने सांगितलेला वॉर्मर किंवा कोरडा हीटिंग पॅड वापरा. गरम पाण्याच्या बादलीत पिशवी बुडवणं ही सर्रास होणारी चूक आहे. पाणी आवरणाच्या शिवणीतून आत जातं आणि जोडणीच्या तोंडाशी साचतं. मायक्रोवेव्हमध्ये ती एकसारखी तापत नाही. बाहेरून कोमट लागली तरी आत कुठेतरी पोट पोळेल इतकी गरम असू शकते. घाई असेल तर थंड पिशवी परवडली. फार तर हुडहुडी भरेल, पोटात वळेल.

पुढचा क्रम असाच ठेवा:

१. खिडक्या, पंखा, कूलर, एसी बंद.
२. खोलीत असलेल्या प्रत्येकाला मास्क, नाकावरून. रुग्ण स्वतः एक्सचेंज करत असला तरी त्यालाही.
३. टेबल पुसा. लागणारं सगळं मांडा: पिशवी, क्लॅम्प (नळी दाबून बंद करायचा चिमटा), नवी मिनीकॅप (नळीच्या टोकाचं टोपण), हँडरब (हाताला लावायचं जंतुनाशक).
४. मोबाइल सायलेंट करून हाताला लागणार नाही असा ठेवा.
५. कपड्यांतून ट्रान्सफर सेट (पोटातून आलेल्या नळीला जोडलेला, चावी असलेला तुकडा) बाहेर काढा. त्याची चावी बंद आहे ना, ते बघा.
६. आता हात धुवा.

हात शेवटी का? कारण बहुतेक जण आधी हात धुतात आणि मग मिनीकॅप शोधत कपाट उघडतात. त्या धुण्याला काही अर्थ उरत नाही.

अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा. मनगटावरचा गंडा किंवा लाल दोराही काढायचा. तो दिवसभर ओला राहतो आणि जंतू धरून ठेवतो. देवाचा म्हणून तोडवत नसेल तर दंडावर बांधा. साबणाने दोन मिनिटं, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठ्याचं मूळ आणि मनगटापर्यंत. धावत्या नळाखाली. घरात नळ नसेल तर तोटीची टाकी बसवा आणि तोटी दुसऱ्याने सोडू-बंद करू द्या. तांब्याने पाणी घेतलं की धुतलेला हात पुन्हा तांब्याला लागतो. मग हात पूर्ण कोरडे करा, पेपर नॅपकिनने किंवा रोज धुतल्या जाणाऱ्या, फक्त याच कामाच्या रुमालाने. पदराला, टॉवेलला नाही. ओल्या हातावरून जंतू सहज पसरतात.

टप्पा ३: एक्सचेंज

१. आवरण फाडा. पिशवीवर ताकद (साखर १.५, २.५ की ४.२५ टक्के), मापाचा आकडा आणि मुदत वाचा. पाणी स्वच्छ आहे का, दाबल्यावर कुठे गळतं का, ते बघा. शंका आली तर ती पिशवी बाजूला आणि दुसरी घ्या.
२. भरलेली पिशवी हुकाला, रिकामी खाली स्वच्छ टबमध्ये. भरलेल्या पिशवीच्या नळीला क्लॅम्प लावा.
३. हातांना हँडरब लावा आणि ते वाळू द्या.
४. पिशवीच्या नळीचं टोपण आणि ट्रान्सफर सेटची मिनीकॅप काढून दोन्ही जोडा. एवढे काही सेकंद बोलायचं नाही, खोकायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. सगळी जोखीम इथे एकवटलेली असते.
५. चावी उघडा, पोटातलं जुनं पाणी बाहेर येऊ द्या. साधारण १५ ते २० मिनिटं.
६. चावी बंद. पिशवीतली सील तोडा, क्लॅम्प काढा आणि ताजं पाणी सरळ खालच्या पिशवीत वाहू द्या. एक ते पाच मोजा. हा फ्लश.
७. खालच्या नळीला क्लॅम्प लावा, चावी उघडा, पोट भरून घ्या. दहा मिनिटांच्या आसपास.
८. चावी बंद. नवी मिनीकॅप उघडून आतला आयोडिनचा स्पंज जागेवर आणि ओला आहे ना, ते बघा. नळी सोडवा, ट्रान्सफर सेटचं टोक खाली धरून कॅप घट्ट बसवा. जुनी कॅप कधीही परत लावू नका.

फ्लश गाळणारे फार. पाच सेकंदांसाठी कोण थांबतं! जोडताना टोकावर चुकून जंतू बसले असतील तर ते या पाण्याबरोबर खालच्या पिशवीत जातात. फ्लश झाला नाही तर तेच पाणी त्यांना पोटात घेऊन जातं. नळीतली हवाही फ्लशनेच निघते. ती पोटात गेली की खांदा दुखतो आणि मग हृदयाची भीती वाटून रात्री दवाखाना गाठला जातो.

इशारा: जोडणीचं उघडं टोक हाताला, कपड्याला किंवा टेबलाला लागलं, तर पाणी पोटात सोडू नका. ट्रान्सफर सेट बंद करा, नवी मिनीकॅप लावा आणि पीडी नर्सला लगेच फोन करा. सेट बदलावा लागेल, कदाचित अँटिबायोटिकही घ्यावं लागेल. "पुसून घेतलं स्पिरिटने" हा उपाय नाही. झालेली चूक रागावतील म्हणून सून किंवा मुलगा लपवतो, असं घडतं. घरच्या मोठ्यांनी आधीच सांगून ठेवावं की चूक सांगितली तर कुणी बोलणार नाही.

ट्रान्सफर सेट साधारण दर सहा महिन्यांनी सेंटरवर बदलून घ्यावा लागतो. पुढची तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

टप्पा ४: बाहेर आलेलं पाणी आणि वही

ओतून टाकण्याआधी पिशवी वर्तमानपत्रावर ठेवा. तिच्यातून अक्षरं वाचता आली पाहिजेत. फिकट पिवळं, पारदर्शक पाणी ठीक. पांढरे धागे दिसले तर ते फायब्रिन, म्हणजे एक प्रथिन असतं. थोडे असले तर कळवून ठेवा, वाढले किंवा पाणी अडायला लागलं तर लगेच फोन. पाळीच्या दिवसांत काही बायकांचं पाणी गुलाबी येतं आणि आपोआप स्वच्छ होतं, तरी पहिल्या वेळी नर्सला सांगा. दुधाळ पाणी काही वेळा रक्तदाबाच्या विशिष्ट गोळ्यांमुळेही येतं. पण ते घरी ठरवायचं नाही. तपासणी होईपर्यंत गढूळ ते संसर्गाचंच मानायचं.

मोजण्यातली एक चूक जुन्या रुग्णांकडूनही होते. नुसती खालची पिशवी वजन करून "दोन लिटर दोनशे आलं, म्हणजे दोनशे जास्त निघालं" असं लिहिलं जातं. त्यात फ्लशचं पाणी धरलेलं असतं. प्रत्येक वेळी शंभर मिलिलिटर फ्लशचे असतील, तर तीन एक्सचेंजमध्ये वहीत तीनशे मिलिलिटर खोटी जमा होते, आणि डॉक्टर त्या आकड्यावर हिशेब करतात. सोपा मार्ग असा: आवरण काढल्यावर आणि जोडण्याआधी दोन्ही पिशव्यांचा संच एकत्र वजन करा, एक्सचेंज संपल्यावर तोच संच पुन्हा. नंतरच्या वजनातून आधीचं वजा केलं की शरीरातून नक्की किती निघालं ते कळतं. एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर.

वहीत रोज एवढं हवं: सकाळी लघवीनंतर, रोज एकाच अवस्थेत (पोट भरलेलं तर रोज भरलेलं) घेतलेलं वजन, रक्तदाब, प्रत्येक एक्सचेंजची वेळ आणि ताकद, निघालेलं पाणी, त्याचा रंग, अंदाजे लघवी. मधुमेह असेल तर साखर. ओपीडीच्या आदल्या रात्री बसून महिनाभराचे आकडे भरण्यापेक्षा रिकामी वही नेलेली बरी. खोट्या आकड्यावर दिलेली पिशवी चुकीची ठरते.

तपासा: दोन दिवसांत वजन दीड-दोन किलो वाढलं, पावलं सुजली, किंवा निघणारं पाणी सलग कमी होत गेलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

टप्पा ५: पाणी गढूळ आलं तर

पीडी सुटण्याचं मोठं कारण पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या अस्तराचा संसर्ग. तो झाला म्हणून पीडी संपत नाही. उशीर झाला की संपू शकते. गढूळ पाणी, पोटदुखी, ताप, उलटी, यातलं एक जरी दिसलं तरी:

१. पिशवी फेकू नका. चावी-कॅप बंद आहे ना ते बघा आणि पिशवी तशीच सोबत घ्या.
२. सेंटरला फोन करून निघा. रात्र असली तरी.
३. गल्लीतल्या डॉक्टरांकडून गोळी घेऊन "सकाळी बघू" करू नका. आधी अँटिबायोटिक पडलं तर कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू सापडत नाही आणि पुढचा उपचार अंदाजाने होतो.
४. पाण्याची पेशीतपासणी आणि कल्चर दोन्ही पाठवलं का, ते विचारा. पांढऱ्या पेशी (मायक्रोलिटरमागे) १०० च्या वर आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल या प्रकारच्या असतील तर निदान जवळजवळ पक्कं. नमुना शक्यतो निदान दोन तास पोटात राहिलेल्या पाण्याचा असावा. पोटात पाणी नसताना आलात तर तसं सांगा.
५. नमुना घेतल्यावर मात्र रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. पहिलं औषध लगेच, बहुधा पिशवीतूनच पोटात दिलं जातं.

तालुक्याच्या ठिकाणी पीडीची माहिती असलेला डॉक्टर भेटेलच असं नाही. म्हणून आपल्या नेफ्रोलॉजिस्टकडून एक पानाचं पत्र आधीच लिहून घ्या: कॅथेटर (पोटात बसवलेली नळी) कोणतं, नमुना कसा घ्यायचा, पहिलं अँटिबायोटिक कोणतं आणि किती, फोन कुणाला करायचा. ते वहीच्या खिशात राहू द्या.

औषध चालू झाल्यावर पाणी साधारण दोन-तीन दिवसांत निवळायला लागतं. योग्य औषध देऊनही पाच दिवसांत निवळलं नाही तर कॅथेटर काढावं लागतं. त्या वेळी "अजून थोडे दिवस बघू" म्हणून अडून बसू नका. वेळेवर काढलं तर काही आठवड्यांनी नवं बसवून पीडीवर परतता येतं. पोटाचं अस्तर एकदा खराब झालं की तो रस्ता बंद होतो.

बरं झाल्यावर एकदा संपूर्ण एक्सचेंज नर्ससमोर करून दाखवा, औषधाच्या चिठ्ठीइतकंच हे गरजेचं आहे.

टप्पा ६: कॅथेटर बाहेर येतं ती जागा

हिला सगळे एक्झिट साइट म्हणतात. रोज बघा, रोज स्वच्छ करा, कोरडी करा आणि सांगितलेलं अँटिबायोटिक मलम (बहुधा म्युपिरोसिन) थोडंसं लावा. खपली ओढून काढू नका. हळद, पावडर, तेल, घरातलं अँटिसेप्टिक यातलं काहीही लावायचं नाही. नळी पोटाला चिकटपट्टीने पक्की करा. साडीच्या गाठीखाली, पँटच्या पट्ट्याखाली ती दबू नये, लहान नातवंडांच्या हाताला लागू नये. जवळपास कात्री चालवायची नाही.

पू दिसला की तो संसर्गच. लाली, सूज, दुखणं किंवा ओल दिसली तरी फोटो काढून नर्सला पाठवा.

आंघोळ जागा पूर्ण भरल्यावर आणि परवानगी मिळाल्यावर. शॉवर किंवा हँडशॉवर उत्तम. बादली-तांब्याने करायची असेल तर ताजं पाणी घ्या, रात्रीचं साठवलेलं नको, आणि एक्झिट साइटची काळजी शेवटी, कोरड्या अंगाने. विहीर, नदी, तलाव, टब यांत उतरायचं नाही. चंद्रभागेचं स्नान, कुंभाची पर्वणी, गणपती विसर्जनाला गुडघ्याच्या वर पाण्यात जाणं, सगळं यात आलं. काठावर पाय धुतले तरी पुरे.

टप्पा ७: पाणी नीट निघत नाही

आधी साधं बघा: नळी दुमडली आहे का, क्लॅम्प राहिला आहे का, पिशवी पोटापेक्षा खाली आहे का. कूस बदला, उभं राहा, चार पावलं चाला. तरीही अडत असेल तर पहिला प्रश्न पोट साफ झाल्याचा. भरलेलं आतडं कॅथेटरला दाबतं किंवा बाजूला सारतं. बद्धकोष्ठामुळे संसर्गाची शक्यताही वाढते. रोज एकदा शौचाला झालं पाहिजे, नाहीतर डॉक्टरांनी दिलेलं लॅक्ट्युलोजसारखं औषध घ्या. इसबगोल घ्यायचं झालं तर त्याला भरपूर पाणी लागतं, आणि तुमचं पाणी मोजून दिलेलं असतं, म्हणून आधी विचारा.

वजन उचलणं बंद. भरलेला हंडा, पाण्याचा वीस लिटरचा जार, गॅसचा सिलिंडर यांनी हर्निया होतो. बेंबीजवळ किंवा जांघेत फुगवटा, अंडकोशाला अचानक सूज, आडवं झाल्यावर दम लागणं, ही पाणी भलतीकडे शिरल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

टप्पा ८: खाणंपिणं आणि औषधं

शेजारी हिमोडायलिसिसवर (मशीनच्या डायलिसिसवर) असलेल्या कुणाचा तरी आहाराचा कागद घेऊन त्याप्रमाणे जेवणारे पीडीचे रुग्ण खूप. त्यातून ते खंगतात. पीडीत रोज पाण्याबरोबर ५ ते १० ग्रॅम प्रथिनं निघून जातात. म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, यावरून अंदाज करा. शाकाहारी घरात डाळ, पनीर, सोयाबीन, दूध-दही यांची बेरीज आहारतज्ज्ञाकडून करून घ्या, कारण सोबत फॉस्फरसही वाढतो. फॉस्फरस कमी करणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची. जेवणानंतर तासाभराने घेतली तर वाया. पोटॅशियमचं उलट होतं: पीडीत ते कमीही पडू शकतं, म्हणून केळं-नारळपाणी बंद की चालू, हे रिपोर्ट बघून ठरवायचं.

मिठावर मात्र तडजोड नाही. दिवसाला सगळं मिळून एक चमचा, ५ ग्रॅम. लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतून ते कळत नकळत जातं, मग तहान लागते, मग पाणी पिऊन वजन वाढतं, आणि ४.२५ टक्क्यांची पिशवी लावावी लागते. जास्त ताकदीची पिशवी म्हणजे जास्त साखर. तिने मधुमेह बिघडतो, वजन चढतं आणि वर्षानुवर्षं वापरून पोटाचं अस्तर थकतं. "कडक पिशवी लावली की झालं" म्हणून लग्नात जेवून येणं महागात पडतं.

इशारा: रात्रीच्या लांब वेळेसाठी आयकोडेक्स्ट्रिनची (नेहमीच्या साखरेऐवजी हे द्रव्य असलेली) पिशवी असेल तर काही ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात. त्यावर इन्शुलिन वाढवलं तर खरी साखर जीवघेणी उतरू शकते. तुमच्या पट्ट्या चालतात का, हे पिशवी सुरू होण्याआधी विचारून घ्या. ही पिशवी बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे तोच नियम.

जी थोडी लघवी होते, ती जपा. तिच्यावर पीडीचा बराच भार असतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, भस्म असलेली औषधं, न विचारता घेतलेली इंजेक्शनं यांनी ती बंद होते. दात काढणं किंवा कोलोनोस्कोपी असेल तर आधी सेंटरला कळवा, बऱ्याचदा अँटिबायोटिक घ्यावं लागतं. कोलोनोस्कोपीआधी पोटातलं डायलिसिसचं पाणीही काढून जायचं असतं.

टप्पा ९: दुसरा हात आणि पैसे

घरात एक्सचेंज एकाच व्यक्तीला येत असेल तर ती आजारी पडली, माहेरी गेली, परीक्षेला बसली की सगळं अडतं. दुसऱ्याला सेंटरवर नेऊन रीतसर शिकवा. पहिल्याने दुसऱ्याला घरीच शिकवलं तर पहिल्याच्या सवयीतल्या चुकाही त्याच्याकडे जातात. आणि ज्या बाईने दीड वर्ष रोज चार वेळा पिशवी बदलली, तिला आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळालीच पाहिजे.

पैसे कमी पडले म्हणून गुपचूप एक पिशवी गाळू नका. डॉक्टरांना सांगा. लघवी चांगली असेल तर कमी पिशव्यांचा रीतसर आराखडा करता येतो, तो आणि मनाने गाळणं यात फरक आहे. केंद्राच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ मध्ये पीडीसाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या आहेत. तुमच्या जिल्ह्यात पिशव्या मिळतात का, ते जिल्हा रुग्णालयात विचारा. महात्मा फुले योजनेतून काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या.

गावाला जाताना दिवसाच्या हिशेबापेक्षा दोन पिशव्या जास्त, मिनीकॅप भरपूर, हँडरब, मास्क, हूक, ताणकाटा आणि डॉक्टरांचं ते पत्र. एसटीच्या टपावर किंवा डिकीत नाही, पायाशी. मुक्कामी पोहोचल्यावर आधी बंद होणारं दार आणि धावता नळ कुठे आहे ते बघून ठेवा.